विमानातली सीट

२६ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ अजून आठवते. मलकापूरला स्टेशनजवळच्या टपरीवर होतो. मोबाईलवर बालाकोटची बातमी आली आणि टपरीवाल्या भाऊंनी त्या दिवशी चहाचे पैसेच घेतले नाहीत. आपली मिराज-२००० विमानं नियंत्रण रेषा ओलांडून बॉम्ब टाकून आली होती. १९७१ नंतर पहिल्यांदाच! मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू. बाराच दिवस आधी पुलवाम्यात ४० जवान गेले होते. त्यात दोन आपल्या जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड.

रात्री सीआरपीएफमधल्या चुलतभावाला फोन लावला. "काय रे, घेतला ना बदला!" तो जरा वेळ गप्पच. मग म्हणाला, "घेतला दादा. पण आपले लोक बसनं चालले होते. विमान आधी मिळालं असतं तर?"

मला उत्तर सुचलं नाही.

बर्फामुळे जम्मू-श्रीनगर रस्ता बंद होता. तो उघडल्यावर अडीच हजारांवर जवान ७८ गाड्यांच्या एकाच ताफ्यात निघाले. स्फोटकांनी भरलेली एक कार त्यांच्या बसवर आदळली. श्रीनगरहून दिल्लीला ते हवाई दलाच्या विमानानेच आले, पण तिरंग्यात.

हवाई ताकद म्हटली की आपल्याला बॉम्बच दिसतो. आपली माणसं सुखरूप पोचवणं हीसुद्धा हवाई ताकदच. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले, म्हणून ते शहर वाचलं.

पुलवाम्यानंतर, २१ फेब्रुवारीला गृहखात्याने आदेश काढला. दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानप्रवासाचा हक्क निमलष्करी दलांतल्या सर्वांना मिळाला. सुट्टीवर येता-जातानासुद्धा. त्याआधी शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक यांना तो हक्क नव्हता. असे सुमारे ७ लाख ८० हजार जण! काही विमानसेवा आधीही होती, पण हक्काची सीट हुद्दा पाहून.

हा आदेश बालाकोटच्या पाच दिवस आधीचा. त्या दिवशी टपरीवर कुणी फुकट चहा पाजला नाही. मीही ती बातमी वाचून पुढे सरकवली होती.

नवीन लढाऊ विमान आलं की स्टेटस जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण आपल्या गावातलं लेकरू भरती झालं की पुढाऱ्यांना एवढंही विचारा, त्याला न्यायला-आणायला सीट आहे का? हा प्रश्न स्फोटाच्या आधी विचारायचा असतो.