कान आणि जीभ

वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांतून येणाऱ्या मुलांना ज्यांनीं शुद्धलेखन घातलें असेल, त्यांस हा अनुभव खचित आला असेल. गुरुजी स्वच्छ "डोळा" म्हणतात आणि मुलगा वहींत "डोया" लिहितो. "काळा" म्हटलें कीं "काया" उतरतो. इकडील बोलींत ळकाराच्या जागीं यकार येतो, आणि ती बोली त्याला आईच्या मांडीवर मिळालेली असते. अशा वेळीं "नीट ऐक!" असें बजावण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु हा दोष एकट्या कानाचा आहे काय?

या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस लुचियानो फादिगा या इटालियन मेंदुशास्त्रज्ञाची आठवण होते. बोलोन्या येथें वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते पार्मा येथें जाकोमो रिझोलात्ती यांच्या मंडळींत काम करूं लागले. माकडानें वस्तु उचलली म्हणजे त्याच्या मेंदूंतील ज्या पेशी जाग्या होतात, त्यांपैकीं कांहीं पेशी दुसऱ्यास वस्तु उचलतांना नुसतें पाहूनही जाग्या होतात, असें या मंडळीनें 1992 सालीं प्रसिद्ध केलें. मनुष्याच्या हातांविषयीं असाच पुरावा फादिगांनीं 1995 सालीं दिला.

पुढें फेरारा विद्यापीठांत प्राध्यापक असतांना ते हातावरून जिभेकडे वळले. 2002 सालच्या प्रयोगांत लोकांस केवळ शब्द ऐकविले; बोलावयाचें कांहींच नव्हतें. ऐकत असतां त्यांच्या मेंदूला बाहेरून चुंबकाचा सूक्ष्म ठोका दिला. ज्या शब्दांत जोड रकार असल्यामुळें जीभ जोरानें हलवावी लागते, ते शब्द कानीं पडतांना जिभेचे स्नायू जोड फकाराच्या शब्दांपेक्षां अधिक चाळवले. 2009 सालीं त्यांनीं व आलेस्सान्द्रो दाउसिलियो आदि सहकाऱ्यांनीं गोंगाटांत मिसळलेले ब, प, द, त हे वर्ण लोकांस ओळखावयास लाविले. मेंदूंतील ओठांच्या जागेस ठोका दिला असतां ब व प लवकर ओळखूं आले. जिभेच्या जागेस दिला असतां द व त.

मराठी वाचकास यांत ओळखीचें कांहीं दिसेल. आपली वर्णमाला कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी मुखांतील स्थानांच्या क्रमानेंच लाविलेली आहे. वर्ण कोठें घडतो, हें आपल्या पूर्वजांनीं पारखलें. तो ओळखतांनाही घडविण्याच्या जागेचें साह्य होतें, असें हे प्रयोग सांगतात.

तथापि जीभ ही कानाची धनीण नव्हे. एक व चार महिन्यांचीं तान्हीं बालकें, बोलतां येत नसतांही, ब व प यांतील भेद जाणतात, हें 1971 सालींच दिसून आलें होतें. जीभ कानाची सोबतीण आहे, आणि गोंगाटांत तिची सोबत विशेष उपयोगी पडते, इतकेंच आम्ही म्हणूं. मात्र पावसाळ्यांत पत्र्याखालीं भरलेल्या वर्गापेक्षां अधिक गोंगाट तो कोणता?

आमच्या पाहण्यांतील एका मुलानें शास्त्रपाठ वाचतांना "आंधळा" याचें "आंधया" केलें, आणि वर्ग खदखदून हंसला. त्यानंतर कित्येक महिने तो वाचावयास उठला नाहीं, आणि वहींतील चुका वाढतच गेल्या. अखेर एका शिक्षिकाबाईंनीं त्याला रोज चार मिनिटें आरशापुढें उभें करून जिभेचा शेंडा टाळूकडे वळवावयास शिकविलें. "घरीं डोयाच म्हण, येथें दोन्ही म्हण," असें त्या सांगत. नाताळाच्या सुमारास त्याच्या वहींत ळ दिसूं लागला. एका मुलावरून सिद्धांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण हंसण्यानें मिटलेलें तोंड आपल्या कानाचीही एक सोबत गमावतें, असें आम्हांस वाटतें.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उताराची गोष्ट आहे. "शिब्बोलेथ" म्हणावयास सांगितलें असतां ज्यांच्या तोंडून "सिब्बोलेथ" निघालें, त्यांस गिलादी लोकांनीं ठार केलें. त्या वेळीं 42,000 एफ्राइमी पडले. एका वर्णावरून मनुष्य पारखण्याचा तो भयंकर नमुना आहे. शाळेचें दार तसा उतार होऊं नये.

1937 सालीं याच वर्धा शहरीं भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हाताच्या कामांतून विद्या देण्याचा विचार मांडला. त्या हाताबरोबर जिभेचीही गणना व्हावी. मुलें लिहितांना पुटपुटत असतील तर पुटपुटूं द्यावीं, कठीण वर्ण सर्वांनीं मिळून मोठ्यानें म्हणावा, आणि "डोया" ऐकून कोणीं हंसूं नये. ज्या आईनें तो शब्द दिला, तिनेंच हें मूल विश्वासानें आपल्या हवालीं केलें आहे.