टायरच्या पलीकडची फ्रेम

उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या आहेत. वर्षानुवर्षं हँडलवर भार टाकला की तळहाताच्या बुडाशी असलेली नस दबते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना हे दुखणं ओळखीचं असतं. दुसऱ्या कुणी पट्टी बांधून काम चालवलं असतं. माझं काम मात्र सायकल चालवून तिच्याबद्दल मत देण्याचं आहे. डांबराची बारीक खरखर पहिल्यांदा बोटांना कळते. बैठकीपर्यंत आणि तळपायांपर्यंत पोचतात ते मोठे धक्के.

दुबईत नवी हलकी कार्बन फ्रेम आली की ओळखीचे दुकानदार ती माझ्याकडे सोडतात. पहाटे अल कुद्राच्या सायकलमार्गावर मंडळी भेटतात, तेव्हा कुणीतरी विचारतंच, 'कशी आहे?' उत्तर देण्याआधी मी जरा थांबतो. विचार तोवर झालेला असतो. थांबतो ते सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघतात म्हणून. ते बघणं मला अतिशय आवडतं. बोटं गेल्यावर सर्वांत मोठी भीती वाटली ती हे सुख जाईल याची.

पण बोटं शाबूत होती तेव्हाही एक प्रश्न सुटलेला नव्हता. जे जाणवतं ते फ्रेमचं की टायरचं? लिहिणारे बिनदिक्कत लिहितात, 'वरून-खालून मऊ, आडवी ताठ.' दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने लवून लवणार किती? टायर, सीटपोस्ट, खोगीर, हँडलवरची पट्टी या सगळ्यांपुढे ते लवणं नगण्य असतं. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये शंभरच्या वर पीएसआय हवा भरायचो, तेव्हा फ्रेमचा थोडा तरी आवाज ऐकू यायचा. आता २८-३० मिलिमीटरचे टायर आणि साठ-पासष्ट पीएसआय. चालवणाऱ्याचं सुख वाढलं, आणि पारख करणाऱ्याची फ्रेम त्या हवेत बुडाली.

म्हणून मी माझी एकच चाकांची जोडी आणि तेच टायर प्रत्येक सायकलीला लावतो. तरी हवा एका जागी राहत नाही. पहाटे २५ अंशांना भरलेले ६५ पीएसआय, टायर ४५ अंशांपर्यंत तापला की सुमारे ७० होतात. तीच सायकल जाताना मखमली आणि येताना कडक. वर वाळवंटातला वारा. जाताना पाठीशी असला तर कुठलीही फ्रेम चपळ वाटते आणि परतताना तीच मरगळते. एका फेरीत निकाल देणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. त्यातले काही माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने सायकल चालवतात, आणि त्यांचं लोक जास्त ऐकतात. तेही मला सोसत नाही.

वजनाचं वेड मात्र या देशात समजण्यासारखं आहे. कोलनागो या सायकल कंपनीचा मोठा हिस्सा २०२० साली अबुधाबीच्या चिमेरा इन्व्हेस्टमेंट्सने घेतला. अमिरातीच्या नावाचा संघ त्याच सायकली चालवतो, आणि त्या संघाच्या तादेय पोगाचारने २०२०, २०२१, २०२२ आणि २०२५ साली अमिरातीतल्या शर्यतीचा जबल हफीत डोंगरावरचा टप्पा जिंकला तोही त्यांच्यावरच. त्यामुळे इथे प्रत्येकाला त्याची सायकल हवी असते. कोलनागोच्या व्ही५आरएस या फ्रेमचं वजन कंपनी ६८५ ग्रॅम सांगते, पण ते ४८.५ मापाचं आणि रंगाविना. उंच माणसाची रंगवलेली फ्रेम तराजूवर ठेवा, म्हणजे फरक कळेल. जागतिक सायकलिंग संघटनेची शर्यतीच्या सायकलीसाठीची किमान वजनाची मर्यादा ६.८ किलो आहे, ती २००० सालापासून. हफीतची चढण पावणेअकरा किलोमीटर, सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास. माझ्यासारख्याला पाऊण तास लागतो. तिथे पूर्ण एक किलो वाचवला तर अर्धं मिनिट वाचतं. फ्रेममधले शंभर ग्रॅम म्हणजे तीन सेकंद. हे गणित मी दुकानात सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. तरीही साडेसहा-सात किलोची सायकल एका हाताने उचलली की माझं स्वतःचं मन हरखतं, हेही खरं.

खरी अडचण 'सर्व रस्त्यांसाठी एकच सायकल' या दाव्याची. वरंधा घाटात किंवा ताम्हिणीत एका किलोमीटरमध्ये चढ, खड्डा, ओलं वळण, समोरून एसटी असं सगळं येतं. सायकल तासाभरात आपला स्वभाव सांगते. इथे अमिरातीत प्रत्येक गुण वेगळ्या गावी राहतो. अल कुद्राला सपाटी आणि वारा, अल ऐनला हफीतचा चढ, रास अल खैमाला जबल जैसची वीसेक किलोमीटरची सौम्य चढण आणि तिची लांब वळणं. रस्ते असे गुळगुळीत की खरखरीसाठी मी मुद्दाम कडेच्या पट्टीवर चाक घालतो. अशा देशात सायकलीचे गुण सुटे सुटे मोजता येतात. पण चढावरून उतारावर, उतारावरून वाऱ्यात जाताना ती एकच सायकल राहते का, हे कळायला वेळ लागतो, आणि सर्वगुणी म्हणायचं तर तेच बघायला हवं.

एक कुरकुर करतोच. सगळ्या केबल हेडसेटमधून आत दडवल्यापासून स्टेम एक सेंटिमीटरने बदलायचा तर कित्येक सायकलींवर अर्धी दुपार जाते. उन्हाळ्यात लोक घरात ट्रेनरवर चालवतात. घामाचं मीठ वरच्या बेअरिंगमध्ये झिरपतं, ते गंजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. देखणेपणासाठी माप बदलण्याची सोय घालवली, हे मला कधीच पटणार नाही. माप चुकीचं असेल तर बाकीचं परीक्षण व्यर्थ आहे.

आता माझ्याबरोबर सांगलीकडची एक मुलगी काम शिकते. मागच्या हिवाळ्यात एका फ्रेमवर जैस उतरून आली आणि म्हणाली, "काका, वळणात पुढचं चाक आधी जातं आणि सायकल मागून येते."

"वारा असेल," मी म्हणालो. "रिम उंच आहेत."

आम्ही बुटक्या रिमची चाकं चढवली. हवा तीच ठेवली. मीही उतरलो, मला काही कळलं नाही. ती पुन्हा उतरली आणि तेच म्हणाली. टायर बदलले, स्टेम तपासला, हेडसेट कसला. तिचं म्हणणं बदललं नाही. सगळं काढून टाकल्यावर शिल्लक राहील अशी गोष्ट मी इतकी वर्षं शोधत होतो, आणि ती तिच्या हातांना सापडली. मला आनंद झाला. हेवाही वाटला, आनंदाहून जास्त, आणि घरी येईपर्यंत मी तिच्याशी नीट बोललो नाही.

अहवालात तिचं वाक्य मी सुधारायला घेतलं होतं. 'पुढच्या भागाची दिशादर्शकता' असं काहीतरी लिहिलंही. मग खोडून तिचंच घातलं, तिच्या नावानिशी. पुढची फ्रेम येईल तेव्हा जैसवरून आधी ती उतरेल. तिचं सांगून होईपर्यंत मी त्या सायकलीवर बसणार नाही, कारण मी आधी बोललो तर ती माझंच ऐकेल, आणि मला ते आवडेल.