पंचांग उघडा आणि नंदुरबारला या

“तुमच्या नंदुरबारला पाहण्यासारखं काय आहे हो?” पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा हा ठरलेला प्रश्न. मैत्रिणींनो, आमच्याकडे ‘काय पाहायचं’ यापेक्षा ‘केव्हा यायचं’ हे महत्त्वाचं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथली शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी. खाली तापीकाठची काळी शेतं, वर सातपुड्याचे डोंगर, आणि दोन्हीकडचं वर्ष मोजलं जातं ते जत्रांवर. तेव्हा सहलीचा बेत करताना आधी तिथी बघा. आमचा खरा हंगाम दिवाळी ते होळी.

पहिली येते अस्तंब्याची यात्रा, धनत्रयोदशीच्या सुमारास. अक्राणी तालुक्यातलं हे शिखर सव्वातेराशे मीटर उंच. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा इथे फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो, अशी लोकांची श्रद्धा. गावोगावची तरुण मुलं टोळ्या करून चढतात. गुडघे कुरकुरत असतील किंवा कडेवर मूल असेल, तर आपण पायथ्यावरूनच हात जोडावेत हे बरं.

दुसरी जत्रा मात्र सगळ्या कुटुंबानं करण्यासारखी. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, यात्रा सुरू होते. इथला घोडेबाजार नावाजलेला. काठेवाडी, मारवाडी अशा जातीचे घोडे दूरदूरच्या राज्यांतून येतात. घोडा काही आपण घेणार नाही, पण संसाराच्या वस्तूंची दुकानं आहेतच! सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरायचं, पुढे रस्त्यानं जायचं. थंडी कडक असते, मुलांचे स्वेटर विसरू नका. जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत मिळालं, तर दुसरं काही मागू नका.

महाशिवरात्रीला तोरणमाळ गाठा. डोंगरावर गोरखनाथांचं मंदिर आणि जवळच यशवंत तलाव. याच सुमारास कितीतरी आदिवासी कुटुंबं सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. याहा मोगी ही त्यांची धान्याची आई; घरात पिकलेलं आधी तिच्यापुढे ठेवायचं.

आणि मग होळी. तिच्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. इथून मुलं-मुली पळून जाऊन लग्नं करतात, अशा रंगवलेल्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. इथले लोक त्या साफ नाकारतात. हा होळीच्या खरेदीचा बाजार, बरं का! डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगन, नाचासाठी घुंगरू, शिवाय लेकी-सुनांची भेटगाठ.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी सर्वांत मानाची. होळीचा उंचच्या उंच बांबू उभा करण्यासाठी खड्डा हातांनीच खणतात, त्याला कुदळ-फावडं लावत नाहीत. रात्रभर ढोल वाजतात. नवसाचे पुरुष अंगभर राखेचे ठिपके काढून, कमरेला वाळलेले भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचतात. होळी पेटते ती पहाटे. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असल्यानं एकमेकांच्या होळीला जाताही येतं.

पण हा नाच पाहताना एक गोष्ट मनात असू द्या. दिवाळी सरली की डोंगरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या दिवसांत वर्गातले बाक एकेक करून रिकामे होतात आणि हजेरी घेताना उत्तर येतं, “बाई, तो ऊस तोडायला गेलाय.” आईबाप फडात आणि घरी म्हातारी माणसं, असे हे महिने. ही मंडळी परततात ती होळीला. ज्या गर्दीला आपण उत्सव म्हणतो, ती खरं तर घरी आलेल्या माणसांची गर्दी असते. होळीनंतर काही जण पुन्हा उसाच्या फडात जातात, कारण हंगाम उरलेला असतो. त्यांच्या पोराची वार्षिक परीक्षा कुठे व्हायची, हे गाव सांगू शकत नाही आणि आम्ही शिक्षकही नाही.

म्हणून येताना लग्नघरी जातो तसं या. न विचारता कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका, विशेषतः बायका-मुलींच्या. कपड्यांवरून, दागिन्यांवरून मोठ्यानं शेरे नकोत. मराठी सगळ्यांना कळतं. रात्रीच्या मुक्कामाची सोय शहादा किंवा नंदुरबारला आधी करून ठेवा, डोंगरात पाणी आणि खाण्याचं बरोबर घ्या. खरेदी करायची तर डोंगरातल्या बायकांनी वाळवलेला आमचूर घ्या आणि नंदुरबारची लाल मिरची. चार पैसे त्या बाईच्या हातात पडले, तर पुढच्या दिवाळीनंतर एखादं पोर शाळेच्या बाकावर राहीलही. एवढ्या भावासाठी घासाघीस करू नका, एवढंच सांगणं.