रॉकी पर्वतातले फिरते बिऱ्हाड

अमेरिकेतल्या डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग रॉकी पर्वत चढत सुमारे ११,००० फुटांवरील आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिकअप गाडीमागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून अनेक कुटुंबे या वाटेने जातात. अशी गाडी निवडताना नुसता इंजिनाचा जोर पाहून भागत नाही. ३,००० किलोच्या कॅम्परचा १० ते १५ टक्के, म्हणजे ३०० ते ४५० किलो भार गाडीच्या मागच्या जोडावर येतो. त्यात माणसे आणि सामान मिळवायचे. विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकदही घटते. खरी कसोटी बोगद्यापलीकडच्या उतारावर लागते. ब्रेक तापून निकामी झालेली वाहने थांबावीत म्हणून तेथे रस्त्याकडेला खडीचे चढ बांधले आहेत. म्हणून जाणकार आधी विचारतात, भरल्या बिऱ्हाडासह गाडी सुखरूप उतरेल ना?