दुधाची वाट

आजोळी गाय व्यायली की घरात दोन तट पडत. आम्हा पोरांचा सगळा जीव चिकाच्या भांड्यात, आजीचा वासरात. ते धडपडत उभं राहून कासेला लागेपर्यंत ती गोठ्यातून हलायची नाही. त्याचं पोट भरून उरेल तो चीक आपला, हा तिचा कायदा. मग गूळ, वेलदोडा, जायफळ घालून ढोकळपात्रात खरवस शिजायचा. विरजण नाही, अंडं नाही, तरी नुसत्या वाफेनं चीक थिजतो कसा, हे विचारायला आम्हाला फुरसत नव्हती.

चिकात प्रतिपिंडं भरपूर असतात. ती प्रथिनंच, त्यामुळे उष्णता लागली की घट्ट होतात. गाईच्या वारेतून ती वासरापर्यंत पोचत नाहीत, म्हणून वासरू रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही साधारण पहिल्या 24 तासांत. तेवढाच वेळ त्याचं आतडं प्रथिनांचे मोठे रेणू न मोडता रक्तात जाऊ देतं. आम्ही वड्या पाडून खात होतो ते हे. आजीनं जीवशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं, पण तिचा क्रम बिनचूक होता. (हल्ली बारमाही मिळणारा चायना ग्रासचा खरवस चवीला बरा असतो, त्याला खरवस म्हणायला मात्र माझी जीभ वळत नाही.)

शाळेत गाईच्या पोटाचे चार कप्पे पाठ केले, पण त्यातली खरी गंमत कुणी सांगितली नाही. मोठ्या गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या कप्प्यात, 100 लिटरहून जास्त ऐवज मावतो. तिथे राहणारे सूक्ष्मजीव कडब्यातलं सेल्युलोज मोडतात. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते आणि पुढे त्या सूक्ष्मजीवांनाही पचवून टाकते. गाय गवत खाते हे म्हणूनच अर्धंच खरं. अशा आंबणाऱ्या हौदात दूध पडलं तर ते नासेल, वासराचं पोट फुगेल. त्यावर तोड अशी, की वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाची एक पन्हळ मिटून तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून चौथ्या, खऱ्या पोटाकडे जातं. तिथे त्याचं दही होतं आणि ते सावकाश पचतं. पूर्वीपासून चीजसाठी दूध साकळवायला लागणारं रेनेट वासराच्या याच पोटातून काढत आले आहेत.

आपल्याला अशी पन्हळ नाही. आपली सगळी मदार लहान आतड्याच्या अस्तरावरच्या लॅक्टेज नावाच्या विकरावर. दुधातली साखर मोडून ते तिचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. अंगावरचं पिणं सुटलं की बहुतेक सस्तन प्राण्यांत ते कमी होत जातं. बशीतलं दूध चाटून मोठ्या मांजराला जुलाब होतात ते यामुळेच. माणसांतही जगातल्या जवळपास दोन तृतीयांश प्रौढांची हीच गत. उरलेल्यांचे पूर्वज बहुतेक गुराखी. त्यांच्यात एका जनुकीय बदलामुळे हे विकर जन्मभर टिकलं. असे बदल युरोपात आणि आफ्रिकेत वेगवेगळे झाले. भारतात प्रामुख्यानं सापडतो तो युरोपातल्यासारखाच, वायव्येला जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

मी कुठल्या गटातली, हे तिशीनंतर उमगलं. कपभर दूध पोटात गेलं की तासाभरात गुडगुड आणि पुढचं सगळं. डॉक्टरांनी एका यंत्रात फुंकायला लावलं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. त्यातून हायड्रोजन निघतो, थोडा रक्तात शिरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. माझ्या श्वासात तो भरपूर होता. म्हणजे आंबवणं माझ्याही पोटात चालतं, फक्त चुकीच्या टोकाला. सशाचंही तसंच, पण तो आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खाऊन अन्नाला दुसरी फेरी घडवतो. तितकी माझी तयारी नाही.

लेक झाली तेव्हा आई दुधाचा पेला घेऊन मागे लागली. ‘‘दूध प्यायल्याशिवाय दूध कसं येईल गं?’’

‘‘आई, गाय कुठे दूध पिते?’’

आई गप्प बसली नाही, पण पेल्याऐवजी अळिवाची खीर आली, माझ्यासाठी नारळाच्या दुधातली. आईच्या दुधात साखर सुमारे 7 टक्के असते, गाईच्या दुधात जेमतेम 5. जी साखर मला सोसत नव्हती तीच माझं शरीर रक्तातल्या ग्लुकोजपासून रात्रंदिवस घडवत होतं, गाईपेक्षाही दाट, आणि ते इवलंसं पोट ती तक्रार न करता पचवत होतं.

आता घरात माझ्या वाट्याला दही-ताक. दह्यातले जिवाणू थोडी साखर आधीच खाऊन टाकतात, आणि त्यांचं विकर आतड्यात गेल्यावरही काम करत राहतं. नवरा मात्र म्हशीच्या दुधाचा भलामोठा पेला सायीसकट रिचवतो. विकर टिकवणारं जनुक एका पालकाकडून आलं तरी पुरतं, त्यामुळे लेक कुणावर गेली हे अजून गुलदस्त्यात आहे. अलीकडे ती पेला बाजूला सारायला लागली आहे. पोट दुखतं म्हणते. सायीची किळस असेल, किंवा शाळेची घाई. मी तपासणीचा विषय काढला, तर आईनं भाकरी कुस्करायला घेतली. ‘‘यंत्रात फुंकून काय पोट भरणार आहे पोरीचं? ताक आण इकडे. आणि मीठ बघून घाल, काल खारट होतं.’’