एकाच रानाच्या वाटा

डोंबिवली (पूर्व)
मार्गशीर्ष

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रविवारी मुलांना डोंगराकडे न्यायचंय, तर ठाण्याजवळच्या जागांची नावं कळव, असं लिहिलं आहेस. नावं कळवतेच, पण अगं, या जागा सुट्या सुट्या नाहीत. येऊर, तानसा, माहुली, माळशेज हे एकच रान आहे आणि आपल्या नळाचं पाणी याच डोंगरांतून खाली येतं. मुलांना हे उमगावं म्हणून त्यांना तिकडे ने.

आधी त्यांना आजोबाची गोष्ट सांग. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वन खात्याने त्याला बाहेर काढलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेजजवळ सोडलं. वयाने मोठा, म्हणून नाव आजोबा. तो तिथे थांबला नाही. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, मग महामार्ग, मग वसईची खाडी ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. पुढे 2014 साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट काढला, तोपर्यंत तो हयात नव्हता. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर एका वाहनाची धडक बसून तो गेला. तुझ्या घोडबंदर रोडच्या खिडकीतून दिसतो तो येऊरचा डोंगर याच उद्यानाचा. आपण ज्याला ठाणे, शहापूर, मुरबाड अशी वेगळी नावं देतो, तो मुलूख त्या जनावराने एका दमात जोडून दाखवला.

आता माहुली. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरायचं, तिथून रिक्षाने पायथ्याचं माहुली गाव. गड सुमारे 2,800 फूट. माहुली, भंडारगड आणि पळसगड या तिन्हींना मिळून माहुलीच म्हणतात. शहाजीराजांनी 1636 साली निजामशाहीचा वारस सोबत घेऊन मुघल आणि आदिलशाही फौजांना शेवटची टक्कर दिली ती इथेच. पाणी भरपूर घे, मुलांच्या पायांत पकड असलेले बूट घाल, पहाटेची गाडी पकड आणि उन्हं कलायच्या आत खाली ये.

गडाच्या आसपासचं रान तानसा अभयारण्याचं. तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड 1884 नंतर कुणाला दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानत होते. 1997 साली शहाद्याजवळच्या जंगलात पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पुन्हा सापडलं आणि 2014 मध्ये आपल्या तानसातही दिसलं. लोकलच्या टप्प्यातल्या रानात असा पक्षी टिकून आहे, हे ऐकल्यावर कुठल्या मुलाला तिथे जावंसं वाटणार नाही?

तानसाचं धरण 1892 चं. त्याचं पाणी मुंबईला जातं. भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा यांचंही मुख्यतः मुंबईलाच. आमच्या डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी मिळतं, त्यात बारवी धरणातून सोडलेलं पाणी मिसळतं. आणि तानसा, भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्यातल्याच गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. यामागे निसर्गही आहे आणि आपणही आहोत. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही; पाऊस कोसळतो आणि ओढ्या-नाल्यांनी वाहून जातो. अडतं ते धरणात, आणि धरणाची जलवाहिनी जाते शहराकडे. धरणाच्या काठावर राहणारी बाई मे महिन्यात हंडा घेऊन कोसभर चालते. मुलांना हे सांगायला कचरू नकोस. डोंगर बघून आलेल्या मुलाला हे कळलं नाही, तर त्याने डोंगर अर्धाच बघितला.

याच कातळामुळे पावसाळ्यात तिकडे जायला मी बजावून नको म्हणते. आपण उभे असतो तिथे ऊन असतं, वर माथ्यावर ढग फुटतो आणि काही मिनिटांत ओढा माणूस ओढून नेतो. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश काढतात, ते लोकांची हौस मोडायला नव्हे. माळशेजच्या घाटात दरडी येतात. रिळं बघून पोरं गाड्या भरून धबधब्याखाली जातात आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरी रडारड होते. पाऊस बघायचा तर गावात, पडवीत बसून बघा. गड, घाट, जंगल यांसाठी आत्ताचे दिवस खरे, मार्गशीर्ष ते माघ.

मुलं जरा मोठी झाली की नाणेघाट. कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे सोडलं की घाटाची पायवाट लागते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला चढत होता. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायींचे आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत. आपल्या अंकांची अतिशय जुनी रूपं तिथे बघायला मिळतात. जवळच दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. गणिताचा कंटाळा करणाऱ्या तुझ्या धाकट्याला तो लेख नक्की दाखव.

सोनू, या रानात माणसं राहतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली. जूनमध्ये ठाणे स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी आणि तिच्याबरोबर काकडं घेऊन बसतात त्या बायका याच डोंगरांतल्या. तेव्हा जाताना गावचा वाटाड्या घे आणि तो मागेल तो मोबदला दे. जेवण गावातल्या घरी आधी सांगून ठेव; नाचणीची भाकरी आणि पिठलं मुलं आवडीने खातील. वन खात्याचं शुल्क भरून पावती घे. गाण्यांचा मोठा आवाज नको, आणि नेलेलं प्लास्टिक सगळं परत. एका दिवसाने काय फरक पडतो, असं तुझ्या मनात येईल. पण रविवारी हजारो माणसं हेच मनात आणून तिकडे जातात, आणि सोमवारी गावाला उरतो तो सगळ्यांचा मिळून कचरा. तोच एक दिवस नीट वागलात, तर गावात चार पैसे राहतात आणि रान राखायला गावाला कारण मिळतं.

येत्या 2 जानेवारीला सिद्धगडला चला. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतला हा डोंगर. 1942 च्या लढ्यात भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत तुकडीने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात, गावोगावहून पायी येतात. मीही येईन. मुरबाडला एसटी स्टँडवर भेटू आणि पुढे जीपने जाऊ. किती जण येणार ते कळव, म्हणजे जेवणाचं गावात आधी सांगून ठेवते.

मुलांना गोड पापे. जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
मावशी