गोकुलममधली उडी

पहाटे साडेचारला खाली रस्त्यावर पावलं वाजली म्हणून उठलो. खिडकीतून पाहतो तर कंटूर रोडच्या दिव्यांखालून काखेत मॅट धरलेली माणसं एकामागून एक चाललेली. कुणी सोनेरी केसांची, कुणी जपानी चेहऱ्याची, सगळी गप्प. म्हैसूरचं गोकुलम असं जागं होतं. अष्टांग योगाची शाळा २००२ मध्ये लक्ष्मीपुरमहून इथं आली आणि बंगल्यांच्या या शांत वसाहतीत जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं राहायला येऊ लागली. साताऱ्याहून आलेला मी इथं परका, तीही परकी. कन्नड त्यांनाही येत नव्हतं, मलाही नाही. पण ती संस्कृतात मोजत होती!

समोरच्या गच्चीवर एक परदेशी मुलगी रोज सराव करायची. श्वास घेताना ‘एकम्’, सोडताना ‘द्वे’, मग ‘त्रीणि’, ‘चत्वारि’. या पद्धतीत प्रत्येक हालचालीला आकडा आणि प्रत्येक आकड्याला श्वास ठरलेला. सूर्यनमस्काराच्या पहिल्या प्रकारात असे नऊ आकडे, दुसऱ्यात सतरा. ‘सप्त’ म्हणता म्हणता ती हातांवर भार टाकायची, पाय पुढे झेपावायचे आणि क्षणभर ती हवेत असायची. ती झेप पाहिली आणि मी कठड्याशी थबकलो. ही उडी मी कुठंतरी पाहिली होती. आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासात, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर!

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. आज हे नाव काढलं की मुलांना २००३ नंतरचे चकचकीत त्रिमितीय खेळ आठवतात, नाहीतर २०१० चा सिनेमा. तळघरात धावणारा पांढऱ्या कपड्यांतला तो चिमुकला राजपुत्र मागे पडला. आम्हीही त्याला न्याय दिला नव्हता. ‘मेगाहिट’चा चीटकोड टाकून पायऱ्या ओलांडायच्या आणि राजकन्येपर्यंत पोचलो म्हणून मिरवायचं. खेळ संपवला होता, पाहिला नव्हता.

त्या रात्री खोलीवर लॅपटॉपवर तो पुन्हा लावला, या वेळी चीटकोडशिवाय. साठ मिनिटं आणि बारा पायऱ्या. पहिल्याच खड्ड्याशी चूक कळली. इथं उडीचं बटण दाबलं की माघार नाही; देह निघाला की निघाला. धावता धावता थांबायचं तर दोन पावलं घसरत जावं लागतं, कारण राजपुत्राला वजन आहे. शिफ्ट दाबून एकेक पाऊल मोजत कड्यापर्यंत जायचं, मागे सरून अंतर घ्यायचं, मग झेप. गच्चीवरच्या मुलीचाही हाच हिशेब होता.

हे वजन आलं कुठून, ते शोधून वाचलं. खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर यानं १९८५ मध्ये आपल्या शाळकरी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलं. मग टीव्हीवर एकेक चौकट थांबवून तिचा फोटो काढला, शाईनं आकृती ठळक केली आणि ती अ‍ॅपल टू संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी मात्र त्यानं १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व घेतलं.

१९३८ हे साल वाचून मी अंथरुणात उठून बसलो. त्याच वर्षी म्हैसूरचे योगगुरू कृष्णम्माचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांची आसनं मूकपटात टिपली गेली होती. अय्यंगार आदल्याच वर्षी पुण्याला शिकवायला आले होते आणि पुढं ते पुण्याचेच झाले. तो मूकपट मी पाहिला आहे. कृश देह, एका आसनातून दुसऱ्यात सरकणारा, कुठं धक्का नाही. मेकनरनं तो पाहिला असेल असं मला म्हणायचं नाही. पण दोन्हीकडे हाडामांसाच्या माणसाची हालचाल आहे, आणि ती जपून ठेवण्याइतकी मोलाची कुणालातरी वाटली आहे.

१९८९ मध्ये खेळ अ‍ॅपल टूवर आला तेव्हा त्या संगणकाचे दिवस भरत आले होते. सुरुवातीला खप यथातथाच राहिला. दुसऱ्या संगणकांवर गेल्यावर त्याचं नशीब उघडलं. त्यातला मला सर्वांत आवडलेला सावलीचा माणूस तर अडचणीतूनच जन्मला. नवा शत्रू काढायला मेमरी उरली नव्हती, म्हणून मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून उलटी रंगवली. बाराव्या पायरीवर तो समोर येतो. त्याच्यावर वार केला की घाव आपल्यालाच लागतो. तिथं मी तिसऱ्यांदा मेलो तेव्हा बाहेर पावलं वाजू लागली होती.

चौथ्या खेपेला तलवार म्यान केली. त्यानंही केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले. लहानपणी हे दृश्य माझ्या नजरेतून कसं सुटलं, याची हळहळ अजून जात नाही.

खेळाचा मूळ कोड बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि मेकनरनं तो सर्वांसाठी खुला केला. तुमच्याकडे एक मोकळा तास असेल तर हा खेळ लावा, चीटकोड टाकू नका, आणि पहिल्या कड्याशी शिफ्ट दाबून थांबा. तिथं उभा आहे तो डेव्हिड आहे.